तिघांचं एकच शहर

१

सकाळी नव्या अंकाचं मुखपृष्ठ मासिकाच्या संकेतस्थळावर लागलं आणि दुपारच्या आत एका वकीलबाईंचा फोन आला. त्यांचं शहर चोरीला गेलं होतं.

संपादकबाईंना आधी वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक होतेय. पण वकीलबाई शब्द मोजूनमापून बोलत होत्या.

"माझी कथा तुमच्याकडे पडून आहे. हो की नाही, ते तुम्ही अजून कळवलेलं नाही. आणि त्या कथेतलं शहर आज तुमच्या मुखपृष्ठावर आहे. पांढऱ्या घरांची वळलेली रांग, मधला एक रिकामा प्लॉट, गुलाबी जमीन, डोक्यावर लहान लहान सूर्यांचं कडं. याला योगायोग म्हणणार असाल, तर तसं कोर्टात म्हणा."

संपादकबाईंनी कथा उघडली, मुखपृष्ठाशेजारी ठेवली. सगळं जसंच्या तसं होतं. आणि तेवढ्यावर भागलं नाही. त्याच अंकात 'न पाहिलेली शहरं' नावाचा एक लेख जाणार होता, भूगोलाच्या एका प्राध्यापकांचा. त्यातही एक परिच्छेद याच शहरावर होता.

मासिक अद्भुत आणि विज्ञानकथांचं. चार खोल्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत त्याचं ऑफिस. येणारं साहित्य ईमेलने येई, आणि त्यावरचं नाव काढून, क्रमांक घालून मगच ते संपादकांपुढे जाई, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न नको. नाव काढण्याचं काम एकाच माणसाकडे होतं. पहिलं वाचनही त्याचंच. सगळे त्यांना 'तपासनीस' म्हणत, कारण निवृत्त होईपर्यंत त्यांनी विमा कंपनीसाठी दावे तपासले होते. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, हरवलेले हार. खोटं बोलणारा माणूस त्यांना आवाजावरून कळे, असं लोक म्हणत. ते स्वतः म्हणत, की खोटं सगळ्यांनाच कळतं, खरं ओळखायलाच वेळ लागतो.

त्यांना बोलावून घेतलं. उपसंपादक खिडकीकडे पाठ करून उभा होता.

"काका, कथा, चित्र, लेख," तो म्हणाला. "तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. तिन्ही गोष्टी आधी पाहिलेला माणूस एकच आहे."

तपासनीसांनी संपादकबाईंकडे पाहिलं. त्या टेबलावरची टाचणी उगाच इकडची तिकडे करत होत्या.

"मला तसं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे निस्तरेपर्यंत तुम्ही ऑफिसात आला नाहीत तर बरं. अंक शुक्रवारी छापायला जातो. त्याआधी काही कळलं नाही, तर त्या चित्रकार मुलीचं चित्र काढून टाकावं लागेल, आणि का काढलं तेही छापावं लागेल."

२

बायको गेल्यापासून तपासनीसांच्या घरात दुसरा आवाज होता तो फ्रिजचा. मुलगी लांबच्या देशात होती. रविवारी फोन करी, "बाबा, जेवलात का?" विचारी, आणि उत्तर ऐकता ऐकता तिला तिकडून कोणीतरी हाक मारी. बाकीचे दिवस अनोळखी लोकांच्या गोष्टींवर जात. कोणाला मंगळावर शाळा काढायची असे, कोणाच्या सावलीला पाय फुटत. नाकारलेल्या प्रत्येक माणसाला ते एक ओळ स्वतःच्या मनाने लिहीत. ते काम हातातून गेलं, तर सकाळी उठून कपडे तरी कशासाठी बदलायचे, हा प्रश्न होता.

तेव्हा त्यांनी कपडे बदलले आणि वकीलबाईंकडे गेले.

बाईंचं ऑफिस कागदांनी भरलेलं होतं, पण भिंतीवर एकही चित्र नव्हतं. त्या एकट्याच काम करत. "नोटीस तुमच्याही नावाने निघणार आहे," तपासनीस बसायच्या आधीच त्यांनी सांगितलं.

"निघू दे. मला एवढंच सांगा, शहर कुठून आलं?"

"स्वप्नातून." उत्तर तयार होतं. "मागच्या हिवाळ्यात. अर्धवट झोपेतलं स्वप्न. मी कोणाला सांगितलं नाही. मला सांगायला कोणी नाही."

कथा तपासनीसांनी दोनदा वाचली होती. एक बाई त्या शहरात येते, रांगेतल्या घराघरांतून फिरते, घरांच्या तळाशी असलेल्या अरुंद बोगद्यांत उतरते आणि शेवटी निघून जाते. समुद्र येतो, आणि एका कोपऱ्यातून सुर्रकन शोषला जातो. हे सगळं बाईंनी फार बारकाईने लिहिलं होतं.

"तुमची नायिका एक शब्दही बोलत नाही," तपासनीस म्हणाले. "पानंच्या पानं. आणि शहरात आल्यापासून तिचा खालचा ओठ तिला जाणवत नाही. असं का?"

वकीलबाई पहिल्यांदाच अडखळल्या. "ते तसंच होतं. स्वप्नात तसंच होतं. मला बोलायचं होतं, पण बोलता येत नव्हतं."

बाहेर पडताना तपासनीसांच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. बाई खरं बोलत होत्या, आणि त्यामुळे घोटाळा आणखी वाढला होता.

३

प्राध्यापकांच्या घरी पुस्तकं जिन्यापासूनच सुरू होत. त्यांनी दार उघडलं ते हातात शिडी घेऊन.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "मी तेच शोधतोय."

"काय?"

"ते शहर. ते माझं नाहीच. मी लेखात लिहिलंय बघा, 'पूर्वी कुठेतरी वाचलेलं'. मला संदर्भ द्यायचा होता. सगळी कपाटं उपसली. सापडत नाही. माझ्यासारख्या माणसाला संदर्भ सापडू नये, ही काय अवस्था झाली."

त्यांनी खुर्चीवरची पुस्तकं उचलून जागा केली. घरात चहाचा एकच कप विसळलेला दिसत होता. तपासनीसांना तो कप ओळखीचा वाटला. तसा एक त्यांच्याही सिंकमध्ये होता.

"लेखात तुम्ही एक वाक्य लिहिलंय," ते म्हणाले. "घरं जमिनीवर दिसतात त्यापेक्षा जमिनीखाली लांब आहेत. काही एका पायावर उभी, काही दोन, काही तीन."

"हो. भूगोलाच्या माणसाला तेच लक्षात राहणार. पाया." प्राध्यापक हसले आणि मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "विचित्र गोष्ट सांगू? ते पुस्तक मला आठवत नाही, पण त्याचा वास आठवतो. लवंगेचा. लवंगेचा वास येणारं पुस्तक कोणी पाहिलंय का?"

"वाचताना तुम्ही कुठे बसला होता?"

"बसलो नव्हतो," प्राध्यापक ताबडतोब म्हणाले, आणि आपल्याच उत्तराने चकित झाले. "आडवा होतो. पण मी आडवं पडून कधीच वाचत नाही. मानेला त्रास होतो."

४

चित्रकार मुलगी एका शाळेत चित्रकला शिकवत असे. तास संपल्यावर ती रिकाम्या वर्गात ब्रश धूत होती. तपासनीसांनी आपण कोण ते सांगितलं, तशी तिने नळ बंद केला.

"मी चोरलेलं नाही," ती म्हणाली. एवढंच बोलली आणि पुन्हा नळ सुरू केला, कारण तिला रडू येत होतं आणि ते ऐकू जायला नको होतं.

त्यांनी बाकावर बसून वाट पाहिली. पाणी थांबलं.

"काका, मी सात वर्षं तुमच्या मासिकाला चित्रं पाठवतेय. दर वेळी 'छान आहे, पण आधी पाहिल्यासारखं वाटतं' असं उत्तर येतं. ते खरंच होतं. मी इतरांचं पाहून पाहूनच शिकले. हे शहर पहिल्यांदा आतून आलं. सकाळी उठले आणि ते डोक्यात होतं. मी कोणाला दाखवलं नाही, नजर लागेल म्हणून. आयुष्यात एकदाच काहीतरी माझं स्वतःचं सुचलं, आणि तेच चोरीचं निघालं."

तपासनीसांनी मूळ चित्र पाहायला मागितलं. कपाटातून तिने ते काढलं, भिंतीला टेकवलं. मोठा कॅनव्हास होता. पांढरी घरं एका बाजूने वळत वळत दुसऱ्या बाजूला जात होती, खांद्याला खांदा लावून. सूर्यांचं कडं इतकं जवळ होतं, की हात वर केला तर लागेल.

"क्षितिज कुठे आहे?"

"नाहीये," ती म्हणाली. "वरच बघायचंय ना. सगळं खालूनच दिसतं तिथे."

खालूनच. हे वाक्य घेऊन ते रस्त्यावर आले, आणि खिशातला फोन वाजला. उपसंपादक होता.

"काका, शुक्रवारपर्यंत थांबता येणार नाही. वकीलबाईंची नोटीस आलीय. उद्या संध्याकाळी सगळ्यांना बोलावलंय. मुलीचं चित्र मागे घेतल्याचं जाहीर करणार आहोत." थोडा थांबून तो म्हणाला, "आणि यापुढे पहिलं वाचन मी करणार आहे. संपादकबाईंनी तुम्हाला सांगायला सांगितलं."

५

दुसऱ्या दिवशी तपासनीस जेवले, ताट घासलं, आणि नेहमीसारखी कवळी काढून पाण्याच्या वाडग्यात टाकली. घरात दात लावून मिरवायचं कोणापुढे, म्हणून एकटे असताना ते ती लावत नसत. वाडगा खिडकीत ठेवला. ऊन पाण्यात उतरलं.

आणि ते तिथेच उभे राहिले.

गुलाबी जमीन. तिच्यावर पांढरी घरं, खांद्याला खांदा लावून, एका बाजूने वळत दुसऱ्या बाजूला गेलेली.

त्यांनी खुर्ची ओढली आणि खाली बसून विचार केला, पूर्वी जळालेल्या गोदामासमोर बसून करत तसा. तिघंही खरं बोलत होती. तर मग तिघांनाही एकच गोष्ट कोणीतरी दिली होती, आणि ती दिल्याचं तिघंही विसरली होती. माणूस ऐकलेलं कधी विसरतो? घाबरलेला असतो तेव्हा. आवाज विसरतो, चित्र तेवढं डोळ्यांपुढे राहतं. तिघंही आडवी होती, म्हणून सगळं खालून दिसलं. बोलायचं होतं, पण बोलता येत नव्हतं. ओठ बधिर होता. लवंगेचा वास होता. डोक्यावर लहान दिव्यांचं कडं, हाताच्या अंतरावर. एका कोपऱ्यातून पाणी शोषणारी नळी. घरांचे पाय म्हणजे दाढांची मुळं, आणि अरुंद बोगदे म्हणजे ज्यांत सुई घालतात ते. रिकामा प्लॉट म्हणजे पडलेला दात.

आणि वकीलबाईंना शहर सर्वांत जास्त माहीत होतं, कारण त्यांना जास्त वेळा जावं लागलं होतं.

त्यांनी फोन उचलून वकीलबाईंना लावला, "हॅलो" म्हणायला गेले आणि नुसती हवा बाहेर पडली. दात अजून वाडग्यात होते. ते घाईने बसवून त्यांनी तिघांनाही एकेक करून एकच प्रश्न विचारला, दातांसाठी तुम्ही कोणाकडे जाता? वकीलबाईंना राग आला, प्राध्यापकांना हसू आलं, मुलगी गोंधळली. पण तिघांनीही कोर्टामागच्या एकाच गल्लीचं नाव घेतलं.

६

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. मदतनीस वगैरेही दिसला नाही. दंतवैद्य स्वतःच दार उघडायला आले, साठीच्या पुढचे, उंच, थोडे वाकलेले.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही. सगळेच गेलेत."

"मग बसा तर खरे," दंतवैद्य म्हणाले, कारण त्यांना खुर्चीत बसलेल्या माणसाशीच बोलायची सवय असावी. तपासनीस बसले. खुर्ची मागे गेली, कड्याचे दिवे लागले, आणि त्या उजेडात त्यांनी सगळं सांगितलं. शहर, कथा, लेख, चित्र.

दंतवैद्य ऐकत राहिले. मग हातमोजे काढून त्यांनी घडी घातली, जशी रुमालाची घालतात.

"चोरी कसली," ते म्हणाले. "मीच सांगतो ते. एकदा एका माणसाचे हात इतके थरथरत होते, की काम करता येईना. मी म्हटलं, डोळे मिटा, आता आपण एका गल्लीत शिरतोय. या घराचं तळघर जरा साफ करू. तो शांत झाला. तेव्हापासून सांगतोय. जिथे हत्यार जाईल तिथलं सांगायचं. कोणी ऐकतं, असं मला वाटलंच नव्हतं."

"लिहून का नाही काढलंत? आमच्या मासिकाला पाठवायचं."

"घरी बोलायला कोणी नाही. इथे माणसं असतात, पण त्यांच्या तोंडात कापूस असतो." ते हसले, पण फार नाही. "बरं असतं ते. कोणी उलट विचारत नाही. लिहिलं की लोक विचारणार."

तपासनीसांनी फोनवर मुखपृष्ठाचं चित्र उघडून दाखवलं. दंतवैद्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन दिव्याखाली धरला आणि बोटांनी चित्र मोठं केलं. बराच वेळ ते एकाच जागी पाहत होते.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

तपासनीसांनी मान उंचावून पाहिलं. रिकाम्या प्लॉटशेजारच्या घराला एक खिडकी होती. खिडकीत कोणीतरी बसलं होतं, नखाएवढं. ते त्यांच्याही नजरेतून सुटलं होतं.

"माझं शहर रिकामं आहे," दंतवैद्य म्हणाले. "पहिल्यापासून. मी तिथे कोणाला ठेवलेलंच नाही. ही इथे कधी आली?"

७

संपादकबाईंच्या खोलीत सगळे जमले होते. वकीलबाई ताठ, प्राध्यापक पुस्तकांकडे पाहत, मुलगी दाराजवळच्या स्टुलावर. तपासनीसांनी उभ्यानेच सांगितलं, एकेक दुवा जोडत, कोणाकडे बोट न दाखवता. ते बधिर ओठापर्यंत आले तेव्हा वकीलबाईंचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. लवंगेपाशी प्राध्यापकांनी टेबलावर थाप मारली.

"रूट कॅनाल," ते म्हणाले. "संदर्भ सापडला. आता तळटीप कशी द्यायची, ते तुम्ही सांगा."

उपसंपादक हसला, मग आपण हसलो म्हणून गप्प झाला. त्याने उठून तपासनीसांसाठी खुर्ची ओढून ठेवली. माफी मागणं त्याला जमत नसावं.

वकीलबाईंनी बॅगेतून नोटिशीची प्रत काढली आणि दोन तुकडे केले. "शहर त्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "पण ती बाई तिथून निघून जाते, ते मी लिहिलंय. तेवढं माझं. त्यांची परवानगी असेल तरच छापा, आणि त्यांचं ऋण पहिल्या पानावर हवं."

"त्यांची हरकत नाही," तपासनीस म्हणाले. "त्यांना फक्त आश्चर्य वाटतंय."

तसं ठरलं. तिन्ही गोष्टी अंकात जाणार, दंतवैद्यांच्या नावासह. संपादकबाईंनी तपासनीसांपुढे न वाचलेल्या कथांची यादी सरकवली. त्यांनी ती घेतली. सगळे एकदम बोलायला लागले, आणि त्या गडबडीत दाराजवळचं स्टूल रिकामं झालेलं फक्त त्यांनाच दिसलं.

मुलगी जिन्याच्या मधल्या वळणावर भिंतीला टेकून उभी होती.

"चोर नाही हे सिद्ध झालं," ती म्हणाली. "आभारी आहे काका, खरंच. पण म्हणजे ते माझं नव्हतंच. दाढ भरताना ऐकलेलं होतं."

तपासनीसांना विमा कंपनीतली कामं आठवली. दावा खरा ठरला, तरी जळालेलं परत मिळत नसे. त्यांनी तिची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही.

"डॉक्टरांनी एक विचारलंय," ते म्हणाले. "खिडकीत बसलेली बाई कोण आहे? त्यांच्या शहरात कोणी राहत नाही. ती त्यांनी सांगितलेली नाही."

खालून कोणीतरी सायकल उचलून वर आणत होतं, ते पुढे निघून जाईपर्यंत दोघं बाजूला सरून उभी राहिली.

"कोणी नाही," ती म्हणाली. "चित्र पूर्ण झालं होतं. सही करायला गेले. पण एवढं मोठं शहर, सगळी घरं अशी चकचकीत, आणि आत कोणीच नाही. मला बघवेना. म्हणून एक माणूस बसवलं."

"हेच सांगू त्यांना?"

तिने ओढणीने नाक पुसलं. "नको. मी येऊन सांगते. पण तोंडात कापूस घालायचा नाही म्हणावं."

तपासनीसांनी तिथेच उभ्याने फोन लावला. दंतवैद्यांनी उचलला आणि सवयीने विचारलं, "कोणता दात?"

"दात नाही. ती चित्रकार मुलगी येऊ म्हणतेय. खिडकीतल्या बाईबद्दल बोलायला."

पलीकडे खुर्ची सरळ केल्याचा आवाज आला.

"येऊ द्या," मग दंतवैद्य म्हणाले. "पण तुम्हीही या बरोबर. समोरचं माणूस बोलायला लागलं की काय करायचं असतं, ते मला आता नीटसं आठवत नाही."